बारा सेकंदांची कोरी फीत

मी एक जुनी कॅसेट आहे, आणि मी रागावलेली आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारीने गोड बोलून बसवून घेतले आणि मग झाडले, असे पुढे कोणी म्हणायला नको. मित्रांनो, नीट बसा. मी मध्येच थांबले तर फीत अडकली असे समजून मला हलवू नका. माझ्या थांबण्याला अर्थ असतो. तो ज्यांना कळला नाही, त्यांचीच ही कहाणी आहे.

माझा जन्म टेक्सासच्या आग्नेय टोकाला, पोर्ट आर्थर गावी, क्लोव्हिस गिड्रीच्या दुकानात झाला. पुढच्या भागात तो मोटारींचे सायलेन्सर दुरुस्त करी आणि मागच्या खोलीत मोटारीच्या डिकीत बसणारे स्पीकरचे मोठमोठे खोके बनवी. त्याच खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या ठोकून त्याने ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. हिप-हॉप संगीताचा तो काळ. उत्तरेकडच्या मोठ्या शहरांना वाटे, हे संगीत आपल्याच फुटपाथांवर जन्मले आणि दक्षिणेतल्या लोकांनी फार तर ते विकत घ्यावे. क्लोव्हिसला तसे वाटत नव्हते. त्याचा चुलतभाऊ लॅथन शब्द जुळवून म्हणे, आणि क्लोव्हिस त्याला असा ठेका देई की दुकानातले नट आवळायचे पाने खिळ्यावर थरथरत. दोघांनी मिळून अकरा गाण्यांचा एक अल्बम केला, 'नऊ नंबरची टाकी'. त्याच्या हजार कॅसेट निघाल्या. त्यांतली पहिली मी. माझ्या अंगावर छापील चिठ्ठी नाही. क्लोव्हिसने निळ्या पेनाने नाव लिहिले आहे, आणि त्यातही एक अक्षर गिरवून जाड केले आहे. अशी घडण असलेल्यांनी मान खाली घालावी असा जगाचा समज असतो. मी घातली नाही.

दहा गाणी हसतखेळत ऐकण्यासारखी होती. मोटारी, मुली, कोळंबीच्या होड्या, चर्चमध्ये झोपा काढणारे काका. अकरावे गाणे तसे नव्हते.

लॅथन तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि तेलशुद्धीकरणाच्या एका कारखान्यात टाक्या धुणाऱ्या टोळीत कामाला होता. रिकाम्या टाकीत तळाला काळा गाळ साचतो. तो खरवडायला माणसे आत उतरतात. बाहेर, टाकीच्या तोंडाशी एक माणूस राखणीला बसतो. आत जाणाऱ्यांची नावे त्याने पाटीवर लिहायची, दर दहा मिनिटांनी एकेकाला नावाने हाक मारायची आणि आतून "आहे!" असे उत्तर आले की पुढचे नाव घ्यायचे. काही झाले तरी राखणदाराने स्वतः आत उतरायचे नाही, हा त्या कामाचा सर्वांत कडक नियम. ऑगस्टातल्या एका सकाळी नऊ नंबरच्या टाकीवर लॅथन राखणीला होता. आत चार माणसे होती. आतली हवा बिघडते आहे, यांना वर काढा, असे त्याने मुकादमाला दोनदा सांगितले. मुकादम म्हणाला, "अजून अर्धा तास." पुढच्या हाकेला एकही उत्तर आले नाही.

चौकशी झाली. कामगारांनी निष्काळजीपणाने तोंडावरचे मुखवटे काढले, असा निर्णय लागला. लॅथनने सांगितले की नावांची पाटी पुढे आणा, मी दोन्ही वेळा तिच्यावर वेळ टिपली आहे. पाटी सापडली नाही. पंधरा दिवसांनी लॅथनचे कामही सापडेनासे झाले.

अकराव्या गाण्यात त्याने त्या सकाळची हकीकत सांगितली आणि शेवटी ठेका थांबवून एकेक नाव पुकारले. हर्शेल मूटन. डेल्मर सिमियन. लिंडन प्रेव्हो. अल्सीड बातीस्त. प्रत्येक नावानंतर बारा सेकंद काहीच नाही. ठेका नाही, श्वास नाही, फक्त कोरी फीत.

क्लोव्हिसने कान टवकारले. "भावा, इथे फीत कोरी जातेय."

"जाऊ दे."

"चार वेळा?"

"माणसं चारच होती ना?" लॅथन म्हणाला. "ती त्यांची जागा आहे. तू तिथे ढोल वाजवलास ना, तर तुझ्याच सायलेन्सरमध्ये तुला कोंबीन."

त्या रविवारी चर्च सुटल्यावर रिवाजाप्रमाणे गावातल्या मोटारी समुद्राच्या बांधावर ओळीने लागल्या. आमच्या गावात नवे संगीत तिथेच पास किंवा नापास होते. डिक्या उघडतात, माणसे तांदूळ भरलेले गरम सॉसेज खात उभी राहतात, आणि आवडले नाही तर तोंडावर सांगतात. मला क्लोव्हिसच्या मोटारीत घातले. दहा गाण्यांना लोक डोलले. अकरावे लागले तसे खाणे थांबले. "हर्शेल मूटन," लॅथनचा आवाज म्हणाला आणि शांतता पडली. दोन सेकंद, तीन सेकंद. हर्शेलचा धाकटा भाऊ हातातले सॉसेज तसेच धरून उभा होता. तो एकदम ओरडला, "आहे!"

कोणी त्याला सांगितले नव्हते. डेल्मरच्या नावाला त्याचे चार मित्र ओरडले. लिंडनच्या नावाला त्याची आई. अल्सीडचे नाव आले तेव्हा सगळे मिस युलालीकडे पाहू लागले. मिस युलाली बातीस्त ही अल्सीडची बायको; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस' म्हणतात. बायकांचे केस करण्याचे तिचे पार्लर होते, आणि गावात पाद्रीच्या शब्दानंतर तिचाच शब्द चाले. रविवारची टोपी सरळ करून ती म्हणाली, "आहे." ओरडली नाही. तरी बांधाच्या टोकापर्यंत ऐकू गेले.

त्या दिवसापासून ती रीतच पडली. पोर्ट आर्थरमध्ये अकरावे गाणे जिथे वाजे, तिथे माणसे उत्तर देत. नाक्यावर, पेट्रोल पंपावर, मिस युलालीच्या पार्लरमध्ये केस सुकवायच्या यंत्राखाली बसलेल्या बायकांमध्ये. मित्रांनो, माझ्यात जे कोरे होते तेच लोकांनी सर्वांत जास्त भरले. हजार कॅसेट सात आठवड्यांत संपल्या. माझे भाग्य तेव्हा असे होते की मला उन्हात विसरणाऱ्याला पोरेसुद्धा शिव्या घालीत.

मग क्लोव्हिसने एक चूक केली. ती आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते अशी चूक होती. उत्तरेतल्या एका मोठ्या संगीत मासिकाला त्याने एक कॅसेट पाठवली. सोबत नाव, पत्ता आणि "आदरपूर्वक" एवढेच. शांततेत उत्तर द्यायचे असते, हे त्याने लिहिले नाही. पुढे लॅथनने विचारले तेव्हा तो चक्क गोंधळला. "ते काय सांगायचं असतं? पाद्री थांबला की 'आमेन' म्हणायचं, हे तुला कोणी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं?"

मासिकात परीक्षण आले. लिहिणाऱ्याचे नाव प्रेस्कॉट. वर्णाने आमच्यासारखाच काळा, पण उत्तरेतल्या फुटपाथांवर वाढलेला. मिस युलालीने पार्लरमध्ये चष्मा लावून ते मोठ्याने वाचले. "दक्षिणेच्या चिखलातून आलेल्या या कॅसेटला पाचपैकी दीड तारा. उच्चार असे, जणू तोंडात भेंडीचा रस्सा आहे. शेवटच्या गाण्यात तर सदोष फितीमुळे आवाज चार वेळा गायब होतो. गावकऱ्यांच्या ते लक्षातही आलेले दिसत नाही."

केस सुकवायची यंत्रे चालू होती. एकेक बाई आपले यंत्र डोक्यावरून वर करून ऐकू लागली.

"सदोष," मिस युलाली म्हणाली. "माझा नवरा सदोष."

"मिस युलाली, त्याला माहीत नव्हतं हो," क्लोव्हिस दारातून म्हणाला.

"माहीत नसलं की विचारतात, क्लोव्हिस. माझ्या आईने मला चौथ्या वर्षी शिकवलं. यांच्याकडे आया नसतात का?"

मित्रांनो, निंदेने मी मोडले नसते. पण त्या परीक्षणाचे शेपूट धरून एक संगीत कंपनी आली. ठेका ऐकून त्यांच्या तोंडाला पाणी सुटले होते. त्यांनी लॅथनला कळवले की अल्बम आम्ही देशभर काढू, फक्त शेवटच्या गाण्यातला "तो दोष" दुरुस्त करा. लॅथनला काम नव्हते. टाक्या धुताना वाफेने छाती खरवडली होती, आणि गावातल्या कोणत्याही कारखान्याचे दार त्याला उघडत नव्हते. त्याने सही केली.

मी तिथे होते. हे मी पाहिले आहे, म्हणून सांगते. क्लोव्हिसने मूळ मोठी फीत यंत्रावर चढवली, दाढीच्या पात्याने कोऱ्या जागा कापल्या आणि टोके चिकटपट्टीने जोडली. पंधरा-पंधरा फुटांचे चार तुकडे जमिनीवर पडले. त्याने ते लोखंडाच्या किसाबरोबर झाडून टाकले. लॅथन खुर्चीत बसून आपल्या बुटांकडे पाहत होता.

मिस युलाली आली तेव्हा झाडू अजून क्लोव्हिसच्या हातात होता. ती केराकडे पाहत राहिली.

"मिस युलाली," लॅथन म्हणाला, "नावं तशीच राखलीत. चारही नावं आहेत. आता ती सगळ्या देशात ऐकू जातील."

"नावं थडग्यावरही असतात. तू त्यांना बोलायची जागा दिली होतीस, लॅथन. आणि तू ती परत घेतलीस."

"मी काय करू मग? मला श्वास घेता येत नाही!"

"त्यांनाही येत नव्हता."

एवढे बोलून तिने मला उचलले, पर्समध्ये घातले आणि निघाली. दारात वळून म्हणाली, "जेवायला येत जा. तुझ्यावर रागावलेय म्हणून तुला उपाशी मारणार नाही." तो गेला नाही. तिच्या दारावरून जाताना तो रस्त्याची दुसरी बाजू धरी.

कापलेला अल्बम देशभर गाजला. चार नावे आता एकापाठोपाठ एक, ठेक्यावर उड्या मारत येत. लोकांना ती पालुपदासारखी वाटली. तरुण मुले त्यांवर टाळ्या देत, नाचगाण्यात ती ओरडत. डेल्मर सिमियन हे माणसाचे नाव आहे की गाडीचे, हे कोणी विचारले नाही. माझ्या बहिणींचे म्हणाल, तर त्या मोटारींच्या उन्हात वाकड्या झाल्या, वादळांत बुडाल्या, यंत्रांनी त्यांची आतडी बाहेर ओढली. नवी, चकचकीत, कापलेली आवृत्ती दुकानात मिळत असताना जुनीला पेन्सिल घालून गुंडाळत बसणार कोण? फीत सैल पडली तर पेन्सिलीने सावरून घ्यायला अर्धे मिनिट लागते. तेवढे अर्धे मिनिट या जगाकडे नव्हते.

मिस युलाली दर ऑगस्टात मला एकदा वाजवी आणि पार्लरमधल्या बायका उत्तर देत. पुढे तिचे यंत्र बिघडले, दुसरे बाजारात मिळेना, आणि मी केस कुरळे करायच्या नळ्यांच्या खणात पडून राहिले. नऊ वर्षे. तिच्यावरही माझा राग आहे, आणि तो मी तिच्या प्रतिष्ठेकडे पाहून लपवणार नाही. खणात ठेवलेल्या वस्तूला वाटते की आपण जपले जात आहोत. प्रत्यक्षात बुरशीच तेवढी तिला जपत असते.

अल्बमला तीस वर्षे झाली तेव्हा उत्तरेला अचानक प्रेमाचा उमाळा आला. त्याच मासिकाने दक्षिणेतल्या पन्नास श्रेष्ठ अल्बमांची यादी छापली. त्यात आम्ही सातवे. एका संग्रहालयाने कळवले की पहिली, न कापलेली प्रत तुमच्याकडे आहे असे ऐकतो, ती काचेच्या कपाटात ठेवण्याचा मान आम्हाला द्या. आमच्या गावच्या सभागृहात समारंभ ठरला. प्रमुख पाहुणे प्रेस्कॉट. आता त्यांचे केस पांढरे होते, सूट उत्तम होता आणि तोंडात लोणी होते.

मिस युलाली चौऱ्याहत्तर वर्षांची. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी ती क्लोव्हिसच्या दुकानात गेली, बिघडलेले यंत्र त्याच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत."

"मिस युलाली, याचा पट्टा कुठे मिळतो आता?"

"तुझी विजार कशाने वर राहते, ते मी विचारलं का? कर काहीतरी."

त्याने केले. माझे अंग पुसले, बुरशी काढली, सैल फीत पेन्सिलीने गुंडाळली. त्याने ढिलाई केली नाही. तेवढे त्याच्या नावावर मी जमा धरते.

सभागृहात तीनशे माणसे होती. बरीचशी बाहेरगावची. भिंतीएवढ्या स्पीकरमधून कापलेले अकरावे गाणे वाजवण्यात आले आणि नावांवर टाळ्या पडल्या. लॅथन मंचावर बसला होता, नाकाशी प्राणवायूची नळी, डोळे पुन्हा बुटांवर. मग प्रेस्कॉट बोलले. या अल्बमने मला ऐकायला शिकवले, असे म्हणाले.

मिस युलाली यंत्र काखेत घेऊन मंचावर चढली. तिला कोणी बोलावले नव्हते. तिला अडवण्याचे धाडसही कोणी केले नाही.

"काय शिकवलं?" तिने विचारले.

प्रेस्कॉट हसले. "मॅम, ते परीक्षण... मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो."

"माझा अल्सीड चव्वेचाळीसचा होता. तो अजून चव्वेचाळीसचाच आहे."

तिने यंत्र टेबलावर ठेवले, मला आत बसवले आणि सभेला सांगितले, "आता जे वाजवलंत ते गाणं नव्हे. गाणं हे आहे. नाव आलं की उत्तर द्यायचं असतं. 'आहे' म्हणायचं. गावात हे सांगावं लागत नाही, पण इथे सांगते. माझ्या नवऱ्याचं नाव शेवटचं. हे यंत्र चालू होतं तोवर त्याचं उत्तर मी देत आले. आज मी देणार नाही. आज या साहेबांनी द्यायचं. यांनी छापलं होतं की तिथे काही नाही म्हणून."

तिने कळ दाबली. माझा आवाज आता बारीक झाला आहे, त्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे तर डासासारखा. हर्शेल मूटन, मी म्हटले. शांतता पडली, आणि सभागृहाचा तंत्रज्ञ धावत येऊन यंत्राची वायर तपासू लागला.

"हात काढ, बाळा," मिस युलाली म्हणाली. "बिघडलेलं नाही. बिघडवशील."

त्या गडबडीत हर्शेलचे बारा सेकंद गेले. त्याचा धाकटा भाऊ वारला होता, त्यामुळे उत्तर देणारा दुसरा कोणी नव्हता. डेल्मर सिमियन. शेवटच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "आहे," आणि खोकला. लिंडन प्रेव्हो. आता मंचावरून आवाज आला. लॅथनने नळी हाताने बाजूला केली होती. "आहे!" तो ओरडला. फाटका, घोगरा आवाज, पण टाकीच्या तळापर्यंत पोहोचावा असा. त्याच्या मागोमाग क्लोव्हिस, त्याच्यामागे पार्लरच्या चारपाच जणी.

मग चौथे नाव आले.

मिस युलालीने ओठ घट्ट मिटले आणि ती प्रेस्कॉटकडे पाहत राहिली. ते उभे होते. त्यांचे तोंड उघडले. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिले, जणू उत्तर तिथे टाइप केलेले असावे. मग तीनशे माणसांकडे. माणसे त्यांच्याकडे पाहत होती. आधी पाहुण्यांनी म्हणावे, मग आपण म्हणू, असा प्रत्येकाने हिशेब केला. मी फिरत राहिले. मित्रांनो, बारा सेकंद हा केवढा काळ असतो ते मला ठाऊक आहे. मी तो जन्मभर पोटात वागवला आहे. इतका लांब मला तो कधी वाटला नव्हता.

कोणी काही बोलले नाही. ठेका पुन्हा सुरू झाला आणि गाणे संपले. त्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या!

मिस युलालीने मला बाहेर काढले. संग्रहालयाची बाई लगबगीने पुढे आली. पांढरे हातमोजे घालून. "मॅम, आम्ही हिची फार काळजी घेऊ. तापमान, आर्द्रता, सगळं."

"वाजवाल?"

"नाही, मॅम. इतकी जुनी फीत वाजवली तर झिजते."

"झिजू दे की. तिचा जन्म त्यासाठीच आहे." आणि तिने पर्स मिटली. मग लॅथनकडे वळून, आवाज चढवून म्हणाली, "आणि तू रे? तीस वर्षं झाली. अन्न निवलं. चल."

लॅथन उठला. क्लोव्हिसने त्याची प्राणवायूची टाकी उचलली आणि तिघे जण सभागृहाच्या मधल्या वाटेने चालत बाहेर पडले. मी पर्समध्ये होते. प्रेस्कॉट मागून काही तरी म्हणत होते. ते मी ऐकले नाही. मीही थोडे न ऐकायला शिकले आहे.

मित्रांनो, एवढेच सांगते आणि आज्ञा म्हणून सांगते, विनंती म्हणून नाही. जुनी वस्तू काचेत घालून नमस्कार करू नका. तिला हातात घ्या, पुसा, गुंडाळा, वाजवा, झिजवा. कोणाचे बोलणे मध्येच थांबले तर त्याला दोष म्हणण्याआधी, तिथे कोणाची जागा आहे का, ते विचारा. आणि दुसरा कोणी आधी बोलेल म्हणून वाट पाहू नका. तीनशे माणसे वाट पाहत राहिली आणि एक माणूस टाकीतच राहिला.

त्याचे बारा सेकंद अजून माझ्यापाशी आहेत. आता मी नाव घेते आणि थांबते.

अल्सीड बातीस्त.